ब्रेकला वंगण : कुठे लावावे, कुठे मुळीच लावू नये

घाट उतरून आलेली गाडी पायथ्याशी चहाला थांबली की गाडीभोवती एक फेरी मारावी. प्रत्येक चाकाजवळ, धातूला न शिवता, तळहात वीतभर अंतरावर धरून धग पाहावी. पुढची चाके मागच्यांपेक्षा गरम असणार, त्यात वावगे काही नाही. पण पुढच्या दोघांतच मोठा फरक असेल, एकाजवळ नुसती ऊब आणि दुसऱ्याजवळ हात धरवत नाही, वर जळका वासही येतो आहे, तर त्या चाकाचा ब्रेक पेडलवरून पाय काढल्यावरही पुरता सुटत नाही असे समजावे. गॅरेजमध्ये यालाच ‘ब्रेक चिकटला’ म्हणतात. उघडून पाहिले तर पुष्कळदा दोष करंगळीएवढ्या जाडीच्या दोन पिनांचा निघतो. त्यांच्यावरचे वंगण आटलेले असते, धुऊन गेलेले असते किंवा मुळातच चुकीचे लावलेले असते.

ब्रेक लागतो की नाही याकडे सगळ्यांचेच लक्ष असते. तो सुटतो की नाही, हे पाहायचे मात्र राहून जाते. न सुटणारा ब्रेक पॅड खातो, डिस्क तापवतो, इंधन वाया घालवतो आणि लांबच्या उतारावर, नेमक्या गरजेच्या वेळी, दगा देतो. यावरचा उपाय थोडी हत्यारे आणि धीर असलेल्या माणसाला घरच्या अंगणात करता येतो. त्यासाठी लागणारे वंगण चमचाभरही नसते. पण ते ठरलेल्या जागीच पडले पाहिजे, कारण डिस्क ब्रेकमध्ये घर्षण हवेच असलेला भाग आणि घर्षण नकोच असलेला भाग एकमेकांपासून दोन-चार सेंटिमीटरवर नांदतात. पॅड आणि डिस्क कोरडीठाक हवीत, पिना सरकत्या हव्यात. या दोन्हींची सरमिसळ होऊ न देणे, हेच या कामातले कसब आहे.

कॅलिपर काम कसा करतो

चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती म्हणजे डिस्क. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला एकेक पॅड असतो आणि दोन्ही पॅडना कवेत घेणारा धातूचा भाग म्हणजे कॅलिपर. आपण पेडल दाबतो, मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब आणतो, तो दाब नळ्यांतून कॅलिपरपर्यंत पोचतो आणि तिथला पिस्टन पॅडला डिस्कवर रेटतो.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. पण ती रुळायला अर्धे शतक जावे लागले. १९५३ च्या ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक असलेली जग्वार सी-टाइप जिंकली आणि वारंवार तापूनही हा ब्रेक ताकद टिकवतो, हे सगळ्यांनी पाहिले. १९५५ च्या सिट्रोएन डीएसने तो मोठ्या संख्येने तयार होणाऱ्या कुटुंबाच्या गाडीत आणला.

महागड्या आणि शर्यतीच्या गाड्यांत डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असतात आणि कॅलिपर जागचा हलत नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या आणि मध्यम गाड्यांत मात्र ‘फ्लोटिंग’, म्हणजे सरकता कॅलिपर असतो. त्यात पिस्टन बहुधा एकच, तोही आतल्या बाजूला. हा पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो. डिस्क काही मागे हटत नाही, त्यामुळे उलट रेट्याने कॅलिपरचे अख्खे अंगच आतल्या दिशेला सरकते आणि त्याचा बाहेरचा पंजा दुसऱ्या पॅडला डिस्कवर ओढून घेतो. एका पिस्टनमध्ये दोन पॅडचे काम होते. कॅलिपर स्वस्त पडतो आणि चाकाच्या पोकळीत सहज मावतो.

या रचनेची सगळी भिस्त कॅलिपर सरकण्यावर आहे आणि तो सरकतो त्या दोन पिनांवर. पिना चाकाच्या सांगाड्याला बोल्टने घट्ट बसवलेल्या ब्रॅकेटच्या भोकांत ये-जा करतात आणि त्यांच्या तोंडाशी धूळपाणी अडवणारे रबरी बूट असतात. एकेका ब्रेकला होणारी हालचाल मिलीमीटरभरही नसते. मात्र बाहेरचा पॅड झिजत जातो तसा कॅलिपर हळूहळू आत सरकत जातो आणि पॅडच्या आयुष्यात सेंटिमीटरच्या आसपास अंतर कापतो.

ब्रेक सुटतो कसा, हे तर आणखी नाजूक प्रकरण आहे. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी रिंग असते. दाब आला की पिस्टन पुढे जातो आणि रिंग थोडी तिरकी ताणली जाते. दाब गेला की ती मूळ आकारावर येते आणि येताना पिस्टनला मिलीमीटरचा अंशभर मागे खेचते. तिथे स्प्रिंग नाही, दुसरी कसलीही ताकद नाही. बाहेरच्या पॅडच्या वाट्याला तर तेवढेही ओढणे येत नाही. फिरत्या डिस्कच्या किंचित डगमगीने कॅलिपर हलकासा मोकळा होतो, तोही पिना सरकत असतील तरच. इतक्या हलक्या बळावर चालणाऱ्या ठिकाणी गंजाचा पातळ थरसुद्धा जड होतो.

पिना जाम का होतात

पहिला शत्रू उष्णता. १,००० किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटरच्या वेगावरून थांबवताना सुमारे २५० किलोजूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कमध्ये उष्णता होऊन जातो. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना हीच गाडी साधारण ६०० मीटर खाली येते. त्या उतरणीत मोकळी होणारी ऊर्जा ६० लाख जूलच्या घरात जाते. तेवढ्यात १८ लिटर साधे पाणी उकळीला येईल. खालच्या गिअरमध्ये उतरले तर इंजिन यातला बराच भार उचलते, काही वाटा हवेचा रोध घेतो आणि उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या अंगावर येते. डिस्कचे तापमान तेव्हा काही शे अंशांवर जाते आणि तिच्या शेजारच्या पिनांवरचे ग्रीस पुन्हा पुन्हा भाजले जाते. पातळ तेल उडून जाते, मागे चिकट काळा थर राहतो.

दुसरा शत्रू पाणी. आपला पावसाळा चार महिन्यांचा. रस्त्यावरचा चिखल चाकाच्या आतल्या बाजूला बसतो, बुटाला बारीक चीर असेल तर पाणी पिनेपर्यंत पोचते. कोकणात आणि गोव्यात त्यात खाऱ्या हवेची भर पडते. पाण्यात बुडालेल्या रस्त्यातून काढलेली गाडी आणि पावसात महिनाभर एका जागी उभी राहिलेली गाडी, या दोन्हींचे कॅलिपर उघडून पाहावेत. न वापरलेली गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, असे इथे धरता येत नाही, कारण हालचाल थांबली की गंजाला स्थिर जागा मिळते.

तिसरा शत्रू आपणच आणतो. तो म्हणजे चुकीचे ग्रीस.

लक्षणे कशी ओळखायची

सर्वांत भरवशाचा पुरावा पॅडच देतात. एकाच चाकाचे दोन्ही पॅड जवळपास सारखेच झिजले पाहिजेत. एक ८ मिलीमीटर आणि दुसरा ३ मिलीमीटर उरला असेल तर काहीतरी अडकले आहे हे नक्की. कॅलिपर आत सरकत नसेल तर सगळे काम आतल्या पॅडवर पडते, आणि आत सरकून तिथेच अडकला असेल तर बाहेरचा पॅड सतत डिस्कला घासत राहतो. एकच पिन जाम असेल तर कॅलिपर तिरका होतो आणि पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असा झिजतो. पिना मोकळ्या असूनही आतला पॅड झपाट्याने जात असेल, तर संशय पिस्टनवर घ्यावा.

याखेरीज ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढणे, सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये लवकर मंदावणे, मायलेज घसरणे, जळका वास ही लक्षणे आहेत. मात्र पॅड संपत आल्यावर येणारी तीक्ष्ण किंचाळी वेगळी. बऱ्याच पॅडना त्यासाठीच एक पातळ पत्री लावलेली असते, ती डिस्कला लागून आवाज करते. अशा आवाजावर ग्रीस हा उपाय नाही. पॅड बदलावे लागतात.

कोणते ग्रीस, आणि का

इथे सर्वाधिक घोळ होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगायला हवे.

बेअरिंगला, बिजागरीला, सायकलच्या चेनला चालणारे साधे ग्रीस हे खनिज तेल आणि धातूचा साबण यांचे मिश्रण असते. आपापल्या जागी ते उत्तम. पण कॅलिपरमधली रबरे बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात. ब्रेक ऑइल ग्लायकॉलच्या कुळातले असते आणि ईपीडीएम ते निमूट सोसते, म्हणून त्याची निवड झालेली आहे. हेच रबर खनिज तेल मात्र शोषून घेते आणि फुगते. अनेक गाड्यांत दोनपैकी एका पिनेच्या टोकाला रबरी बुशी असते. साधे ग्रीस लावले की सुरुवातीचे काही दिवस पिन झकास सरकते. मग बुशी फुगते आणि आतून भोकाला घट्ट धरते. ज्या कामासाठी ग्रीस लावले, त्याच्या नेमके उलट घडते. हा परिणाम उशिरा दिसतो, म्हणून दोष कुणाच्या लक्षात येत नाही.

पिनांसाठी सिलिकॉनवर आधारलेले, खास ब्रेक कॅलिपरसाठी बनवलेले ग्रीस घ्यावे. ते ईपीडीएमला फुगवत नाही, पाण्याला दाद देत नाही आणि साध्या ग्रीसपेक्षा पुष्कळ जास्त तापमान सहन करते. ट्यूब विकत घेताना वेष्टनावर ते ब्रेक कॅलिपरच्या पिनांसाठी आणि रबरासाठी चालते असे स्पष्ट लिहिलेले पाहावे. दुकानदाराच्या शब्दापेक्षा वेष्टनावरची ओळ महत्त्वाची.

धातूला धातू लागतो तिथे, म्हणजे पॅडच्या पोलादी पाठीवर पिस्टन आणि पंजा टेकतात त्या जागी, सिरॅमिक किंवा मॉलिब्डेनमचे बारीक कण असलेले ब्रेकचे ग्रीस वापरतात. तापून तेल उडाले तरी हे घन कण जागेवर राहतात आणि थरथर शोषतात, त्यामुळे ब्रेकची किणकिण कमी होते. काही ट्यूबा पिना आणि पॅडची पाठ या दोन्हींसाठी चालतात, तसे त्यांच्यावर लिहिलेले असते.

तांब्याची पूड असलेले ग्रीस पॅडच्या पाठीला लावायची जुनी रीत आहे. पिनांवर ते कधीच लावू नये. अ‍ॅल्युमिनियमच्या कॅलिपरवरही ते टाळावे, कारण ओलाव्यात तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम गंजू लागते. गंजलेले नट सोडवणारा स्प्रेही वंगण म्हणून पिनेवर मारू नये. तो पेट्रोलियमचा असतो, थोड्याच दिवसांत उडून जातो आणि रबराला मात्र बाधतो.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी. हँडब्रेक ओढावा, गिअर टाकून ठेवावा आणि मागच्या चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत आणि मगच जॅक लावावा. डिकीतला जॅक टायर बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालून काम करू नये, जॅक स्टँड लावलाच पाहिजे. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवले तर आणखी एक आधार होतो. ब्रेक पुरते गार होऊ द्यावेत. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे काही शंका आली तर दुसरी बाजू नमुना म्हणून समोर असते.

हातमोजे आणि मास्क वापरावा. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचे, आणि ते नसले तरी ही बारीक धूळ फुप्फुसाला वाईटच. ब्रेक क्लीनरने ओली करून कापडाने पुसून घ्यावी.

कॅलिपरच्या मागे वर आणि खाली एकेक बोल्ट असतो. बोल्टबरोबर पिनही फिरू लागली तर तिच्या सपाट कडांवर दुसरा पाना धरावा. दोन्ही बोल्ट निघाले की कॅलिपर उचलून येतो. तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, नळी आतून फाटू शकते. तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवावा. कॅलिपर सुटा असताना कुणीही पेडल दाबता कामा नये, नाहीतर पिस्टन बाहेर येईल आणि घरचे काम गॅरेजचे होऊन बसेल.

पॅड काढताना आतला कोणता, बाहेरचा कोणता, हे लक्षात ठेवावे आणि चारही टोकांची जाडी मोजावी. पॅडचे घर्षणाचे अंग ३ मिलीमीटरच्या खाली गेले असेल तर पॅड बदलायला झाले.

आता पिना. त्या बुटांतून सावकाश ओढून काढाव्यात. वरची आणि खालची पिन पुष्कळदा वेगळी असते, एकीला बुशी किंवा सपाट कड असते, म्हणून त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. जुने ग्रीस पुरते पुसावे. जुन्यावर नवे कधी लावू नये. पिनेवर गंजाचे खड्डे पडले असतील तर घासत बसू नये, पिन आणि बूट यांचा संच नवा घ्यावा. चीर गेलेला बूट तर बदललाच पाहिजे, कारण पहिल्याच पावसात सगळी मेहनत फुकट जाईल. भोकाच्या आतही कापड फिरवून घाण काढावी.

ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान ज्या पत्र्याच्या क्लिपांत बसतात, त्या काढून त्यांच्याखालची जागा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावी. याकडे फार कमी लोक लक्ष देतात. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो क्लिपेखाली साचला की क्लिप वर उचलली जाते, खाच अरुंद होते आणि पॅड तिच्यात आवळला जातो. पिना कितीही मोकळ्या असल्या तरी आवळलेला पॅड सुटत नाही.

पिनेवर ग्रीसचा पातळ, सलग थर द्यावा. भोक ग्रीसने भरू नये. भोक एका बाजूने बंद असते. जादा ग्रीस आणि आत कोंडलेली हवा पिनेला परत बाहेर ढकलते, आणि कॅलिपर पुन्हा अडखळतो. पिन दोन-चारदा आत-बाहेर करावी, बुटाची कड हलकेच उचलून हवा जाऊ द्यावी आणि बूट खाचेत नीट बसवावा. बोटाने ढकलल्यावर पिन सहज आत जाऊन तिथेच राहिली, की काम साधले.

पॅडच्या कानांना नुसता पुसट थर पुरे. काही कंपन्या क्लिपांवर विशेष लेप देतात आणि ही जागा कोरडी ठेवायला सांगतात, म्हणून गाडीची पुस्तिका पाहावी. पॅडच्या पाठीवर पिस्टन आणि पंजा टेकतो तेवढ्याच जागी किंचित ग्रीस लावावे. पॅडचे घर्षणाचे अंग आणि डिस्क यांना ग्रीसचा हातही लागू नये. डिस्कला लागले तर ब्रेक क्लीनरने धुता येते. पॅडने ग्रीस पिऊन घेतले तर तो टाकून द्यावा आणि डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड नवे घालावेत. बोल्टच्या आट्यांना आणि चाकाच्या नटांनाही मनाने ग्रीस लावू नये, कारण तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोरात बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

नवे, जाड पॅड घालायचे असतील तर पिस्टन क्लॅम्पने सावकाश मागे दाबावा लागतो. तेव्हा बॉनेटखालच्या टाकीत ब्रेक ऑइल चढते, ते सांडू देऊ नये. सांडलेले ऑइल रंग खाते, लगेच पाण्याने धुवावे. शेवटी बोल्ट आणि चाकाचे नट टॉर्क रेंचने, पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. ही पायरी विसरली तर पहिल्या ब्रेकला पेडल थेट तळाला जाते. मग टाकीतली पातळी पाहून मोकळ्या गल्लीत, अगदी कमी वेगात, चार-सहा वेळा ब्रेक लावून बघावा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा तपासावेत.

केव्हा आणि कुठवर

खंडेनवमीला आपण हत्यारे पुसून पूजतो, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो. पावसाळा नुकताच सरत आलेला असतो, चाकांत साचलेला चिखल वाळलेला असतो. ब्रेक उघडून पाहायला वर्षातला याहून योग्य काळ नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आणि रोज घाट करणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वीही एकदा पाहावे.

घरच्या कामाला मर्यादा आहेत आणि त्या पाळाव्यात. पिस्टनच्या कडेने ऑइल पाझरत असेल, पिस्टन मागे जातच नसेल, नळीला भेगा असतील किंवा पेडल स्पंजासारखे दबत असेल, तर गाडी जाणत्या मेकॅनिककडे द्यावी. मागे डिस्क आणि बटनाचा हँडब्रेक असलेल्या गाड्यांत मागचा कॅलिपर घरी उघडू नये. तिथला पिस्टन मोटर चालवते आणि आधी ती मागे घ्यावी लागते.

ज्यांना यातले काहीच स्वतः करायचे नाही, त्यांच्यासाठीही ही माहिती उपयोगाची आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला तीन प्रश्न विचारा : दोन्ही पिना बाहेर काढून पुसल्या का, त्यांना कोणते ग्रीस लावले, आणि आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी किती उरली? ज्याने चाक उघडून काम केले आहे, त्याच्याकडे तिन्ही उत्तरे तयार असतील. ज्याने नुसता ब्रेकवर फवारा मारून चाक बसवले आहे, त्याला ते परत उघडायला सांगा. गाडी तुमची आहे, ती उतरणारा घाटही तुमचाच आहे, आणि हा आग्रह धरण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.